सामना बरोबरीत सुटावा

परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि तो वास आला. ओला पाला कुणीतरी जाळतंय, असा. खाली बघितलं तर पाला नाही, जाळणारा नाही. नेहमीचे आजोबा नेहमीसारखे हात मागेपुढे हलवत चाललेले. समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले मात्र पुसट झाले होते आणि सूर्याकडे बघायला डोळे बारीक करावे लागत नव्हते. पलीकडच्या बेटावर रान पेटलं की त्याचा धूर वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतो आणि आमच्याकडे मुक्कामाला येतो. इथे सिंगापुरात त्याला सगळे हेझ म्हणतात. कधी दोन दिवस राहतो, कधी महिनाभर. काही वर्षं येतच नाही, आणि आपण त्याला विसरलो असं वाटत असतानाच असा दारात उभा.

"अहो, दार लावा. खोकत बसाल आणि मग मला आलं किसायला लावाल," वैशाली आतून म्हणाली.

सई टेबलापाशी बसून फोनमध्ये काहीतरी बघत होती. ती आता नोकरी करते, मरीन परेडला मैत्रिणींबरोबर राहते आणि शनिवार-रविवार आमच्याकडे पाहुणीसारखी येते. मान वर न करता तिने म्हटलं, "बाबांचा मॅच-फिक्सिंग सीझन आला लाह."

दोघी हसल्या. मीही हसलो. आमच्या घरात ही गोष्ट ठरलेली आहे: बाबांनी एकदा त्यांच्या आयरिश मित्राला फायनल जिंकवून दिली. कुणी जेवायला आलं, गप्पा रंगल्या, की ती बाहेर येते. सुरुवात माझीच. घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे, आणि स्वतःची फजिती सांगणारा माणूस पाहुण्यांना आवडतो हे मला फार लवकर कळलं होतं. पण सांगता सांगता ही गोष्ट माझ्या हातून निसटली. आता वैशाली ती माझ्यापेक्षा चांगली सांगते आणि सई तर अभिनयासकट. गोष्टीत हसण्यासारखं जे जे होतं ते त्या दोघींनी वाटून घेतलं. उरलं ते कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे राहिलं. दार लावून, काचेला नाक टेकवून, मी परवा तेवढंच बघत बसलो होतो.

या गावाला ऋतू नाहीत. थंडीत ट्रंकेतून निघणारी शाल नाही, झाडांना मोहोर नाही, वार्षिक परीक्षेच्या दिवसांतलं ते कोरडं, पोटात गोळा आणणारं वारं नाही. पाऊस दुपारी कामावर आल्यासारखा येतो, काम करतो आणि जातो. वर्षामागून वर्षं जातात ती एकाच रंगाची. ज्याला ऋतू हवा असेल त्याने तो स्वतःच तयार करायचा. चिनी शेजारी नववर्षाच्या संत्र्यांच्या झाडांवरून करतात, आपली मंडळी मोदकांवरून. माझ्या वाट्याला एके वर्षी जो ऋतू आला तो शनिवारांचा होता, आणि त्याला वास धुराचा होता.

तेव्हा आम्ही यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. राहत होतो म्हणजे मी राहत होतो. सासूबाई पुण्यात न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि वैशाली त्यांची एकुलती एक. ती सईला घेऊन गेली. आधी सुट्टीपुरती गेली. मग हाड जुळेपर्यंत राहू म्हणाली. मग शाळा बुडायला नको म्हणून सईला तिकडेच घातलं. हे सगळं तात्पुरतं होतं. तात्पुरतं हा शब्द आम्ही फोनवर इतका वापरला की शेवटी तो आमच्या घरातल्या चौथ्या माणसासारखा झाला. दर वेळी त्याची चौकशी व्हायची.

एकट्यापुरता भात मला लावता यायचा नाही. तांदूळ घेताना हात आपोआप दुसऱ्यांदा डब्यात जायचा. मग मी तो भात सकाळी फोडणीला टाकायचो, संध्याकाळी दह्यात कालवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच लावायचो. टीव्ही बातम्यांसाठी लावतो असं मी म्हणायचो, म्हणजे कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं. खरं तर घरात कुणीतरी बोलत राहावं म्हणून लावायचो. एका चिनी मालिकेतली सासू पुढेपुढे मला ओळखीची वाटायला लागली. तिला सुनेचं काय खटकतं तेही कळायला लागलं, भाषेचा एक शब्द न कळता.

रविवारी संध्याकाळी फोनकार्ड खरवडून पुण्याला फोन लावायचा. सई इथून गेली तेव्हा इथल्या लोकांसारखी प्रत्येक वाक्याला शेपटी लावायची: जेवले लाह, नको लाह, बाबा सो बोअरिंग लाह. मी त्यावरून तिला रागवायचो, की एक तर धड मराठी बोल नाहीतर धड इंग्रजी. पुण्याच्या शाळेत मुली हसल्या म्हणून तिने ती शेपटी टाकून दिली. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की मुलगी अगदी शुद्ध बोलते आहे. "हो बाबा, अभ्यास करते. आजी बरी आहे. ठेवू?" मला आनंद व्हायला हवा होता. फोन ठेवून मी फ्रिज उघडला आणि त्यात काय बघायचं होतं ते आठवत बराच वेळ उभा राहिलो. फ्रिजचा बल्ब तेवढा आपुलकीने जळत होता.

आपले मराठी लोक होते की. बोलवायचेही. पण बायको माहेरी असलेल्या माणसाला जेवायला बोलावतात ते एका विशिष्ट नजरेने. वाढताना वहिनी म्हणणार, अजून एक घ्या, घरी कोण करून घालतंय. मग यजमान आवाज खाली आणून विचारणार, तिकडे सगळं ठीक ना? तुमचं दोघांचं? मी म्हणायचो, अहो हाड मोडलंय, सासूचं. ते मान डोलवायचे, पण ती मान हाडासाठी नसायची. दोन-तीन जेवणांनंतर मी शनिवारी मला काम असतं असं सांगायला लागलो. काम काही नव्हतं. मी MRT ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचो आणि यायचो, कारण डब्यात गार हवा असते आणि बाई दर स्टेशनला काहीतरी बोलते.

अशा वेळी डेक्लनने मला विचारलं, की शनिवारी काय करतोस.

डेक्लन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तांजोंग पगारच्या त्या ऑफिसात आम्ही दोघं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढायचो आणि त्याबद्दल आम्हाला दुसऱ्यांपेक्षा बरा पगार मिळायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, उंच, आणि उन्हात दोन मिनिटं उभा राहिला तरी कान लाल. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातला. घरी शेत, गाई आणि एकटी आई. भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला होता तो गेलाच होता. डेक्लनचा करार त्या वर्षी संपणार होता आणि मग तो कायमचा परत जाणार होता. हे त्याने मला जेवताना सांगितलं, बटाटा शोधता शोधता. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, तो कुठल्याही दुकानासमोर उभा राहून आधी बटाटा आहे का बघायचा.

त्याच्या लोकांची ओळख करून घ्यायची रीत अगदी आपल्यासारखी. नाव नंतर, आधी गाव. ऑफिसात आला त्याच आठवड्यात त्याने मला विचारलं होतं, "तुझी काउंटी कुठली?" काउंटी म्हणजे त्यांचा जिल्हा. मी म्हटलं, सातारा.

"ती कुणाशी खेळते?"

"कोल्हापूरशी. पण ती कुस्ती."

त्याने गंभीरपणे विचार केला. "म्हणजे आमच्यापैकी कुणाशी तुमचं वैर नाही."

"अजून तरी नाही."

ते त्याने लक्षात ठेवलं होतं. सिंगापुरातल्या आयरिश लोकांची त्यांच्या त्यांच्यात एक स्पर्धा चालायची, चार संघांची, त्यांच्या घरच्या फुटबॉलची. खेळायला माणसं मिळायची, बघायला मिळायची, भांडायला तर भरपूर. पण पंच व्हायला मिळेना. प्रत्येकाची एक काउंटी, प्रत्येकाचा समोरच्या संघात एक मावसभाऊ. ज्याला कुणीच नाही असा माणूस हवा होता. मी डायरी काढली, त्यातली कोरी पानं उलटल्यासारखं केलं आणि म्हटलं, जमवतो.

त्यांचा फुटबॉल आपल्याला माहीत असलेला नव्हे. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा नाहीतर स्वतःच्याच पायाने पुन्हा हातात उडवायचा. ढकलाढकली चालते, आणि ती झाल्यावर कुणी रडत लोळत नाही. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आम्ही ज्या मैदानावर खेळायचो तिथे रग्बीच्याच खांबांखाली जाळी बांधून काम भागवायचे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, पण दोन उभ्या खांबांच्या मधून गेला तर एक. आणि हे ठरवायला प्रत्येक खांबाच्या मागे एक असे दोन पंच, पांढरा डगला घालून उभे. गोल झाला की हिरवा झेंडा हलवायचा, एक गुण झाला की पांढरा. बाहेर गेला तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची. बस. पळायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, मत मांडायचं नाही. माझ्यासाठीच केलेली नोकरी.

डगला मी प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून आणला. तो घालून मैदानावर उभा राहिलो आणि पहिल्याच दिवशी एक मुलगा लंगडत आला, माझ्यासमोर गवतावर बसला आणि बूट काढून घोटा पुढे केला. मी तो गंभीरपणे दाबून बघितला. म्हटलं, बर्फ लाव. सगळेच डॉक्टर तेच सांगतात.

त्याच दिवशी पहिला चेंडू दांडीवरून गेला. मधोमध, सुंदर, उंच. आणि माझ्या अंगात लहानपणापासून पाहिलेले सगळे क्रिकेटचे सामने एकदम उभे राहिले. मी झेंडा टाकून दोन्ही हात आभाळाकडे ताठ केले. षटकार. ज्याने मारला होता तो कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला, कारण त्यांच्या हिशेबात डोक्यावर दोन हात म्हणजे चेंडू बाहेर. रेफरी धावत आला. डेक्लन दुरून "सातारा, झेंडा! झेंडा!" असं ओरडत होता आणि हसून त्याला पळवत नव्हतं. त्या दिवसापासून माझं नाव सातारा पडलं.

हे नाव मला किती आवडलं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मैदानाच्या त्या टोकाहून कुणीतरी मोठ्याने आपल्याला हाक मारावी याला केवढे दिवस झाले होते. ऑफिसात कुणी ओरडत नाही. घरात ओरडायला कुणी नव्हतं. शनिवारी मात्र मी MRT मधून उतरून मैदानाच्या कडेने चालत आलो की लांबूनच हाक यायची आणि मी उगाचच घाई असल्यासारखा पावलं उचलायचो. सामना झाल्यावर सगळे जवळच्या हॉकर सेंटरवर जायचे, टेबलं जोडायचे, मला मधोमध बसवायचे आणि दोन्ही बाजूंनी मी कुठे आंधळा झालो होतो ते सांगायचे. मी दोन्हीकडे मान डोलवायचो. इतक्या लोकांनी एकाच वेळी मला नावं ठेवलेली माझ्या लग्नानंतर प्रथमच.

गणपतीच्या कार्यक्रमात एका ओळखीच्या बँकवाल्यांनी मला धरलं. म्हणाले, शनिवारी दिसत नाही हल्ली. म्हटलं, मॅच असते, आयरिश फुटबॉल. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. तुम्ही खेळता? म्हटलं, नाही, झेंडा दाखवतो. "म्हणजे स्टेशन मास्तर," ते म्हणाले, आणि प्रसाद घ्यायला निघून गेले. मला राग आला नाही. स्टेशन मास्तराला निदान कळतं की गाडी येणार आहे.

खांबामागे उभं राहण्यात एक गंमत आहे, ती मी तेव्हा दर शनिवारी चाखत होतो. सगळा खेळ तुमच्याकडे येतो. घामेजलेली, ओरडणारी, लाल झालेली तीस-चाळीस वर्षांची बाप्ये माणसं जीव खाऊन तुमच्या दिशेने धावत येतात. वाटतं, आली, आपल्याकडेच आली. आणि मग चेंडू कुठेतरी जातो आणि सगळी पाठ फिरवून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून जातात. त्यांच्या पाठी लहान लहान होत जातात. तुम्ही झेंडा गुंडाळता. गवतात एखादी मैना येऊन बसते. तुम्ही पुन्हा वाट बघता.

माझ्या शेजारच्या खांबामागे अंकल टॅन असायचे. क्लबातल्या कुणाचे तरी घरमालक, निवृत्त, सामन्यानंतरच्या बिअरसाठी येणारे. खेळाचे नियम त्यांना माझ्यापेक्षाही कमी माहीत होते. दोघांमध्ये करार असा, की चेंडू ज्याच्या खांबाच्या बाजूने जाईल त्याने ठरवायचं, दुसऱ्याने मान हलवायची. ते प्रत्येक वाक्याला लाह लावायचे. कधीकधी मी त्यांना उगाच काहीतरी विचारायचो, तेवढं ऐकायला.

आणि मग धूर आला. सप्टेंबर सरता सरता आला आणि हलेना. शाळांनी मैदानं बंद केली, लोक तोंडाला फडकी लावून फिरायला लागले, दोरीवरच्या शर्टांना वास यायला लागला. फायनल होणार की नाही यावर रोज चर्चा. डेक्लनचे निळे, म्हणजे बँका आणि ऑफिसांतले, आणि समोर लाल, म्हणजे बोगदे खणणारे इंजिनिअर. दोन्हीकडची मंडळी रोज सकाळी हवेचा आकडा बघायची. मीही बघायचो. त्यांना सामना व्हायला हवा होता. मला तो होऊन संपायला नको होता.

कारण डेक्लनचं तिकीट फायनलच्या दुसऱ्या दिवशीचं होतं.

त्या आठवड्यात जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, की फायनलमध्ये बरोबरी झाली तर काय करतात, पेनल्टी वगैरे? त्याला माझी कीव आली. बरोबरी झाली तर सगळे दोन आठवड्यांनी परत येतात आणि अख्खा सामना पुन्हा पहिल्यापासून खेळतात, त्याने सांगितलं. त्यांच्याकडे हीच रीत आहे. एका चेंडूवर वर्षाचा निकाल लावायचा म्हणजे रानटीपणा. मी विचारलं, आणि तुझं तिकीट?

"ढकलायचं. साहेबाला सांगून ठेवलंय, घरमालकालाही. फायनल अर्धी टाकून घरी गेलो तर आई मला दारात उभं करणार नाही."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दुपारपासून मी सामना बरोबरीत सुटावा अशी इच्छा धरून बसलो. जमेची आणि खर्चाची बाजू जुळावी म्हणून ज्याने आयुष्यभर पगार घेतला त्याने बरोबरीची आस धरावी यात नवल काही नव्हतं. पण ही इच्छा त्या जातीची नव्हती. दोन आठवडे. शेजारच्या टेबलावर दोन आठवडे अजून तो कुरकुरणार, बटाटा शोधणार. आणखी शनिवार. मैदानाच्या त्या टोकावरून आणखी हाका. मी मनातल्या मनात दोन्ही संघांचे गुण जुळवून बघायचो आणि मलाच माझी लाज वाटायची, इतका मी त्यात रमायचो.

शनिवारी धूर थोडा पातळ झाला. समोरची झाडं दिसत होती, त्यांच्या मागची इमारत नव्हती. दोन्ही कप्तान म्हणाले, खेळू. बायका-मुलं चादरी अंथरून बसली. कुणीतरी ढोलकं आणलं होतं, ते सारखं खोकल्यासारखं वाजत होतं.

सामना कसा झाला हे वैशाली उत्तम सांगते, मी नाही सांगत. लालांनी आल्या आल्या एक गोल केला आणि मी हिरवा झेंडा इतका उशिरा शोधला की लोक हसले. निळ्यांनी एकेक गुण करत ते अंतर कमी केलं. डेक्लनने दोनदा लांबून, वळत्या पायाने, चेंडू दांडीवरून पाठवला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून भुवई उडवली. लालांनी पुन्हा गोल केला. मग निळ्यांनी. शेवटी शेवटी लालांच्या नावावर दोन गोल आणि सहा गुण होते, निळ्यांच्या एक गोल आणि नऊ. त्यांच्यात हे असेच वेगळे वेगळे सांगतात, बेरीज ज्याची त्याने करायची. मी केली. बारा आणि बारा.

रेफरी घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, वाजव. बाबा रे, वाजव आता.

चेंडू डेक्लनकडे आला. अगदी कडेला, माझ्या खांबाच्या बाजूला, तिथून कुणी मारत नाही. त्याने मारला. चेंडू वर गेला, खूप वर, खांबाच्या टोकाच्याही वर. तिथे खांब संपलेला असतो. तिथे पंचाने मनातच तो वर वाढवायचा असतो, आभाळात एक रेघ ओढायची असते आणि चेंडू त्या रेघेच्या अलीकडून गेला की पलीकडून ते बघायचं असतं. आणि आभाळ तर धुराने भरलेलं. मैदानात कुणाला काही दिसलं नाही. मी बरोबर खाली उभा होतो. मला दिसला. चेंडूवरची शिवण दिसली, तिला लागलेलं गवत दिसलं. तो आतून गेला. वीतभर आत.

चेंडू माझ्या मागे झुडपात पडला. सगळं मैदान थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते. टॅन अंकलनी हात वर करून दाखवले, "तुझ्या बाजूचा लाह."

माझे हात रिकामे होते. झेंडे गवतात पडले होते. दोन्ही हात उचलून डोक्यावर फुली केली की झालं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. उंची होती, धूर होता, आणि मी सातारा काउंटीचा होतो. माझं कुणाशीच काही नव्हतं. म्हणूनच तर मला तिथे उभं केलं होतं. ज्याचं कुणी नाही तो खरं बोलेल, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत. माणूस एकटा असला की त्याला काय काय हवं असतं याचा हिशेब कुणी केला नव्हता.

मी वाकलो आणि पांढरा झेंडा उचलला.

नंतर शिट्टी वाजली, निळे एकमेकांवर कोसळले, मुलं मैदानात घुसली. लालांचा कप्तान, एक धिप्पाड शांत माणूस, माझ्यापाशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात मिळवला आणि हळूच म्हटलं, "तुम्ही दोघं रोज शेजारी जेवता ना, सातारा?" त्यात विष नव्हतं. समजून घेतल्यासारखं होतं. तोही बहुधा मित्रासाठी तेच करणारा होता. मी काय सांगणार होतो? की मी त्याच्या बाजूने होतो, त्याच्याहीपेक्षा जास्त?

दुसऱ्या दिवशी रविवार. वैशालीला फोनवर सगळं सांगितलं. सासूबाईंचं पुन्हा काहीतरी बिघडलं होतं, तिचा आवाज थकलेला होता. मी षटकारापासून सुरू केलं, डगला, घोटा, ढोलकं, लालांचा कप्तान. ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरी हसली, सईला बोलावून घेतलं, फोन मध्ये धरला. "अहो, मित्रासाठी एवढं तर करायलाच हवं," ती म्हणाली. तिच्या त्या हसण्यात मला दुरुस्ती करवेना. तेव्हापासून गोष्ट तशीच चालत आली आहे.

त्या पुढच्या वर्षी त्या दोघी परत आल्या. आता आम्ही कागदोपत्री इथलेच. ते मैदान गेलं, तिथे कॉन्डोची इमारत उभी आहे, जिच्या बाल्कन्यांमध्ये लोक आज दारं लावून बसले असतील. स्पर्धा अजून चालते म्हणे, कुठेतरी. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. निकालानंतर मी आता कुणाचा तरी झालो होतो.

पण घरच्या गोष्टीत नसलेला भाग त्या शनिवारच्या दुपारचा आहे. हॉकर सेंटरमध्ये टेबलं जोडलेली, चषकात लिंबाचं सरबत भरून तो हातोहात फिरतोय, डेक्लनचे कान नेहमीपेक्षा लाल. त्याच्यासमोर बटाट्याची करी ठेवलेली, ती मीच आणून ठेवली होती, शोधून. तो माझ्याकडे सरकला. आजूबाजूचा गोंगाट चालू होता. डोकं माझ्या डोक्याजवळ आणून त्याने विचारलं, "आता खरं सांग. आत होता?"

"आत होता."

"तुला दिसला?"

"दिसला."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, सावकाश, आणि डोळे थोडे ओले झाले. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. नाही बसला म्हणूनच ते ओले झाले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू चांगला मित्र आहेस."

चांगला मित्र असतो तर मी डोक्यावर फुली करून तुला अजून दोन आठवडे इथे ठेवून घेतलं असतं. हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. टेबलाच्या त्या टोकाकडून त्याला कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं. तो अर्धा उठला होता, हात अजून माझ्या खांद्यावर.

"आधी खाऊन घे," मी म्हटलं. "गार होतंय."